कणगीतले भात आणि पानातला भात
(नभोवाणीवरील भाषण)



आमच्या मावळात ‘भात’ या शब्दाला दोन लिंगे आहेत. शेतात उभे असते, झोडून वाळवून शेणाने सारवलेल्या कणगीत भरले जाते, तोवर ते भात. आणि तेच कांडून, धुऊन, आधणात वैरून, वाफ धरून पानात पडले, की तो भात. व्याकरणकारांनी याची काय उपपत्ती लावली असेल ती असो. मला या गोष्टीचे स्मरण आज अशासाठी झाले, की ज्यांच्याशी मला या दहा मिनिटांत थोडेसे भांडावयाचे आहे, ती छोट्या आगगाड्यांचा शौक करणारी माझीच सजातीय मंडळी आपली सगळी दौलत कणगीत भरून ठेवते आणि रात्री उपाशी झोपते.

या मंडळींपैकी प्रत्येकाजवळ एक फेरिस्त असते. कोणते इंजिन, कोणत्या कारखान्याचे, किती मोल देऊन कोणत्या साली घेतले, याची बिनचूक नोंद तीत असते, आणि अखेरच्या रकान्यात मोठ्या अभिमानाने लिहिलेले असते: ‘पेटीसह, न चालवलेले’. कोर्टात हा शब्द उच्चारला असता, तर तो कबुलीजबाब ठरला असता. आमच्या शौकात तो प्रशस्तिपत्र ठरतो. मी हे तटस्थपणे बोलत आहे असे मात्र कृपा करून समजू नका. लोणावळ्यात आमच्या जिन्याखालच्या कपाटात एके काळी एक्केचाळीस इंजिने होती आणि घरात रूळ होता एकूण सहा फूट. “अहो, एवढी इंजिने घेतलीत, पण गाडी जाते कुठे?” असा प्रश्न आमच्या घरातून वारंवार विचारला जाई, आणि त्याचे उत्तर मी दर वेळी पुढच्या खरेदीपर्यंत तहकूब ठेवी.

त्या प्रश्नाचे उत्तर शेवटी एका श्रावणात कपाटानेच दिले. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा ट्रंकेतल्या पैठणीची जी काळजी घ्यावी लागते तीच मी इंजिनांची घेतली होती, म्हणजे पेट्यांत डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. अकरा वर्षांनी एक वाफेचे इंजिन बाहेर काढले, तेव्हा त्याच्याभोवतीच्या स्पंजाचा चिकट लगदा होऊन तो रंगाला बिलगला होता. डब्याच्या प्लॅस्टिकची एक कड डांबराच्या वाफेने मऊ पडली होती. चाकांमधले ग्रीस लाखेसारखे घट्ट झाले होते. याहून वाईट ते पुढेच होते. इंजिनाचा सांगाडा हातात घेतला तो बोटांखाली तडकला. या ओतीव भागांत जस्त असते, आणि ओतताना त्यात शिशाची भेसळ राहून गेली, तर वर्षानुवर्षांच्या दमटपणात ते आतल्या आत फुगते, त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि अखेरीस त्याचा चुरा होतो. हा दोष चालवल्याने बरा होत नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण चालवले असते तर अकरा वर्षे ते चालले असते! ज्या इंजिनाचे मोल टिकावे म्हणून मी त्याला कैदेत ठेवले, त्याने कैदेतच देह ठेवला, आणि त्याचा आवाज कसा होता हे मला आजतागायत ठाऊक नाही.

इथे कोणी म्हणेल, की साठवण हा शेतकऱ्याचा धर्म आहे. मान्य. नव्या तांदळाचा गिचका होतो, वर्षभर मुरलेले मोकळे फुलतात, हे मावळातल्या माणसाला सांगावयास नको. १९८७ साली आमच्या वडगावच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणीही जुना झाला म्हणजेच काही जणांना अधिक रुचतो. तेव्हा घेतलेले इंजिन चार महिने नुसते न्याहाळावे, पेटीवरची अक्षरे वाचावी, रात्री झोपताना त्याचा विचार करावा, यात मला काही गैर दिसत नाही. परंतु मुरण्याला मुदत असते. ती उलटली की कणगीत सोंडे शिरतात. आणि वरून हात घातला तर थर तसाच लागतो, ही त्यातली फसवणूक. पोकळ झालेला दाणा पाण्यात तरंगू लागेपर्यंत कळत नाही.

संग्रह करूच नये असे मी म्हणतो आहे, असा ग्रह कोणाचा झाला असेल तर त्याने कोथरूडला जाऊन यावे. भाऊसाहेब जोशी यांनी परदेशांतून आणि इथूनतिथून आयुष्यभर जमविलेल्या गाड्यांचे तिथले संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. संग्रह म्हणाल तर तो माझ्या एक्केचाळिसांना लाजवील असा आहे. परंतु तिथे दिवे मालवतात, सिग्नल बदलतात, आणि गाड्या निघतात! एक स्थानकात शिरते, दुसरी तिला वाट देऊन उभी राहते, आणि बाकावर बसलेले पोर तोंड उघडे टाकून पाहते. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या चांदीच्या आगगाडीची गोष्ट आपण ऐकली असेल. चांदीची वस्तू म्हणजे तिजोरीत जावयाची. पण ती जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर रुळांवरून फिरे आणि पाहुण्यांना मद्य आणि चिरूट पोहोचवी. चांदीच्या गाडीला जिथे काम सांगितले गेले, तिथे आमची जस्ताची इंजिने कोणत्या मानमरातबाने पेटीत बसतात?

आता ‘जागा नाही’ ही सबब. ही सबब खरी वाटते, कारण हावरटपणाला सगळाच घाट हवा असतो. मी एकदा हिशेब केला. १८५६ साली काम सुरू होऊन १८६३ साली खुला झालेला आपल्या बोरघाटातला लोहमार्ग १५ मैल ६८ साखळ्या लांबीचा, आणि त्याची चढण १,८३१ फुटांची. आमच्या गाड्या मूळच्या सत्त्याऐंशी पट लहान. त्या प्रमाणात हा घाट मांडावयाचा तर सुमारे ९६० फूट रूळ लागेल आणि वरचे टोक २१ फुटांवर, म्हणजे आमच्या माडीचे कौल फोडून जाईल. (शिवाय चोखंदळ लोक म्हणतील, की आपली ब्रॉडगेज या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर रुंद हवी आणि बाजारातला रूळ साडेसोळा मिलिमीटरचा मिळतो. त्यांना माझा नमस्कार. ते अजून मोजतच आहेत.)

तेव्हा मी सगळ्या घाटाचा नाद सोडून खंडाळ्याचा जुना उलटफाटा तेवढा घेतला. पूर्वी घाट चढणारी गाडी या फाट्यात सरळ शिरून थांबे. तिचे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावीत, आणि मग ती पाठीचे तोंड करून, म्हणजे शेवटचा डबा पहिला करून, पुढची चढण चढे. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि हा फाटा बाद झाला. माझ्याकडे तो सहा फूट लांब, अडीच फूट रुंद फळीवर आहे. त्याला दोन इंजिने आणि चार डबे पुरतात. एक गाडी वर न्यावयाची म्हटले तरी इंजिन सोडणे, सांधे बदलणे, फिरवून आणणे, हळूच टेकवणे यात पाव तास सहज जातो, आणि त्या पाव तासात मला कोणतीही खरेदी आठवत नाही. माझा नातू मात्र या फाट्यात वाफेचे इंजिन लावू देत नाही. त्याला ‘खेकडा’ हवा असतो. घाटातल्या त्या लांब नाकाच्या जुन्या विजेच्या इंजिनाची प्रतिकृती मला मिळाली नाही, म्हणून त्याच्या स्विस भावंडावर, तिकडच्या ‘मगरी’वर, आम्ही भागवतो. विजेची इंजिने घाटात आली आणि फाटा बाद झाला हे जवळजवळ एकाच वेळी घडले, तेव्हा खेकड्याला तिथे उलटे होण्याचे कारणच नव्हते, असे मी त्याला दोनदा समजावून पाहिले. तिसऱ्यांदा समजावले नाही. गाडी चालली होती.

मुद्दा पुन्हा सांगतो, कारण कोणी मध्येच रेडिओ लावला असेल आणि त्याला वाटत असेल की हे भातशेतीवरचे भाषण आहे. जवळ असलेले प्रत्येक इंजिन महिन्यातून एकदा रुळावर आले पाहिजे, आणि जे आले नाही ते चालेपर्यंत नव्या इंजिनाचा विचार तहकूब. एवढाच माझा कायदा. मी तो स्वतःवर बजावला, तेव्हा असे आढळले की एक माणूस नोकरी, बाजारहाट आणि वर्तमानपत्र सांभाळून महिन्याला नऊ-दहा इंजिनेच चालवू शकतो. उरलेली कोणासाठी होती? त्यांतली काही मी तळेगाव-कामशेतच्या मुलांना दिली. फेरिस्त आखडली. ती देताना माझा हात थरथरला नाही असे नाही, आणि एकाची आठवण अजून येते, परंतु ते तळेगावात दर रविवारी धावते असे ऐकतो.

मला कर्जतला गाडीच्या मागे लागणाऱ्या बँकर इंजिनांविषयीही बोलावयाचे होते. ती गाडीला ढकलीत लोणावळ्यापर्यंत आणतात, सुटतात, आणि पुन्हा खाली जातात; या खेळात एकाच घरातली दोन माणसे कशी गुंतवावी याची एक युक्ती मी... परंतु समोरच्या काचेतून दोन बोटे दाखवली जात आहेत, म्हणजे दोन मिनिटे उरली, आणि जे सांगितल्यावाचून जाऊ नये ते अजून राहिलेच आहे.

ज्यांनी आज रात्री कपाट उघडण्याचे मनात आणले असेल, त्यांनी बंद पडलेल्या इंजिनाला एकदम पूर्ण वीज देऊ नये. आधी जुने ग्रीस काडीने आणि स्पिरिटाने काढावे. रूळ स्वच्छ फडक्याने पुसावेत. वीज रुळांतूनच चाकांत चढते, आणि बुरशीतून ती चढत नाही. डांबराच्या गोळ्या काढून टाकाव्यात. मग प्लॅस्टिकला न बाधणारे पातळ तेल घेऊन, सुईच्या टोकावर राहील एवढाच थेंब आसाच्या टोकाशी द्यावा. एकच. दुसरा थेंब चाकावरून रुळावर उतरतो आणि गाडी जागच्या जागी फिरत राहते. आणि घरात आहे म्हणून खोबरेल मात्र कोणी घालू नका; पौषात आमच्या लोणावळ्याला ते बाटलीतच गोठते, मग इंजिनाच्या पोटात...