धूम्रपानाची लज्जत : पानाची की प्रसंगाची?

तंबाखूच्या पानात लज्जत किती, आणि ते पान ज्या घटकेला, ज्या जागी व ज्यांच्या सोबतीने ओढले जाते त्या प्रसंगात लज्जत किती, हा प्रश्न वरवर पाहता रिकामपणाचा वाटेल. भोजनोत्तर आरामखुर्चीत पाय पसरून चिरूट पेटविणाऱ्या गृहस्थासच तो सुचावयाचा, असे कोणी म्हणेल. परंतु जरा खोल विचार केला असता असे दिसून येते की, या प्रश्नाच्या उत्तराशी सहस्रावधी कुटुंबांचे सुखदुःख निगडित झालेले आहे. म्हणून तो थोडक्यात तपासून पाहणे अनाठायी होणार नाही.

आरंभ चिरुटापासूनच करणे योग्य. हा शब्द मूळचा तमिळ भाषेतला. त्रिचनापल्ली व दिंडिगल येथील चिरूट एके काळी विलायतेपर्यंत प्रसिद्ध होते. चिरूट हे घाईचे व्यसन नव्हे. मोठा चिरूट पुरता जळावयास पाऊण तास ते तासभर लागतो. तो भराभर ओढला तर तापून कडू होतो. ओढावयाचा विसरला तर विझतो. वाऱ्यावर धरला तर एका अंगाने जळत जातो. त्यास हवाही बेताचीच सर्द लागते. शेकडा पासष्ट ते सत्तर इतकी आर्द्रता त्यास मानवते, असे जाणकार सांगतात. आता पुण्याची हवा पाहा. चैत्र-वैशाखातील दुपारी येथील हवा इतकी कोरडी होते की, उघड्यावर राहिलेल्या चिरुटाचे वरचे पान तडकते. आणि आषाढात तोच चिरूट ओल शोषून फुगतो व झुरका ओढू देत नाही. गरिबाच्या विडीचीही तीच गत. टेंभुर्णीच्या पानात वळलेली विडी पावसाळ्यात सर्दावली की, काडीमागून काडी खर्ची पडते. तात्पर्य, एकाच पेटीतील दोन चिरूट दोन ऋतूंत दोन निराळ्या वस्तू ठरतात.

हे झाले बाहेरच्या हवेविषयी. पण माणसाच्या इंद्रियांचाही यात वाटा असतो. अट्टल विडीबहाद्दर सांगतात की, मिट्ट काळोखात धूर दिसत नसला म्हणजे ओढण्यात राम वाटत नाही. विडी पेटलेली आहे की विझली, याचाही कधी कधी भ्रम पडतो. चव केवळ जिभेवर ठरत नाही, यास शास्त्राचाही आधार आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली असे दाखविले की, विमानात असतो तसा मोठा घोंगावणारा आवाज कानांवर आदळत असता माणसास गोडी कमी जाणवते, आणि टोमॅटोसारख्या पदार्थांतील रुचकर रस मात्र अधिक जाणवतो. कानावर पडणारा आवाज जर जिभेचा न्याय फिरवू शकतो, तर थकवा, सुटका, सोबत आणि मान यांनी तो फिरविला तर त्यात आश्चर्य ते काय?

मानाचा प्रभाव किती मोठा असतो, याचा एक दाखला इतिहासात आहे. अकबराच्या कारकीर्दीच्या अखेरच्या वर्षांत असद बेग नावाचा त्याचा अधिकारी विजापुराहून परतताना तंबाखू घेऊन आला. त्याने ती साधी आणली नाही. रत्नजडित नळी, सुंदर तबक असा सारा थाट बादशहापुढे मांडला. अकबराने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले. हकिमाने अपरिचित वस्तू म्हणून हरकत घेतली, आणि बादशहाने पुढे तिचा नाद धरला नाही. परंतु दरबारातील सरदारांनी मात्र असद बेगापाशी तंबाखूची मागणी सुरू केली. त्यांना हवी होती ती पानाची चव की बादशहाच्या हातून उजळलेली प्रतिष्ठा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखूस बंदी केली. पण तोवर ती लोकांत रुजली होती.

महाराष्ट्रात तंबाखूने दरबारापेक्षा पारावर व बांधावर अधिक बस्तान बसविले. येथे तिची लज्जत मानाची नसून आपलेपणाची होती. शिर्डीस साईबाबांची चिलीम जवळ बसलेल्यांमध्ये फिरत असे. अनोळखी माणसाकडे भाकर मागावयास जो संकोचेल, तोही तंबाखूची चिमूट मागावयास संकोचत नाही. एकाने चंची सोडावी, दुसऱ्याने चुना काढावा, आणि मळता मळता पावसापाण्याची व लेकीबाळींची विचारपूस व्हावी, ही रीत जुनी आहे. त्या चिमटीत निम्मी तंबाखू असे आणि निम्मी ओळख असे.

हाच पार आज निराळ्या रूपात पाहावयाचा तर पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या बाजूस जावे. पवनेच्या काठचे मोरया गोसावींचे चिंचवड आणि १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्तेखानाशी झुंजविलेला चाकणचा किल्ला, ही या भागाची जुनी ओळख. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि मग मोटारी, दुचाक्या व त्यांचे सुटे भाग घडविणाऱ्या कारखान्यांची रांग आकुर्डी, भोसरीपासून नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत पोहोचली.

या रस्त्यावर पहाटे रात्रपाळी सुटते तो देखावा ज्याने पाहिला असेल, त्यास प्रस्तुत प्रश्नाचे मर्म सहज कळेल. दाराबाहेर टपरीवर स्टोव्हचा आवाज चाललेला असतो. आल्याचा वास सुटलेला असतो. थंडीच्या दिवसांत धुक्यात दिव्यांचे पिवळे ठिपके दिसतात. आठ तास यंत्राशी उभा राहिलेला कामगार तेथे येतो, पेला हाती घेतो आणि विडी किंवा सिगारेट पेटवितो. त्या पहिल्या झुरक्याची सर कोणत्याही उंची चिरुटास येणार नाही, असे तो शपथेवर सांगेल. पण त्या झुरक्यात काय काय मिसळलेले असते! कानातली घरघर थांबलेली असते. पाय मोकळे झालेले असतात. मुकादमाची नजर मागे राहिलेली असते. आणि गावाकडचा सोबती शेजारी उभा असतो. हे सारे वजा केले तर हाती केवळ कडवट धूर उरेल.

येथेच एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने असे ठरविले की, अखंड पाच तासांहून अधिक काम घेऊ नये आणि मध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यावी. कायद्याने विश्रांतीचा हक्क मानला. पण त्या हक्काचा उपभोग घेण्यास माणसास काही निमित्त लागते. “जरा विडी ओढून येतो” असे म्हणून कामावरून पाच मिनिटे बाजूस होणाऱ्यास कोणी फारसे हटकीत नाही. “जरा नुसता उभा राहून येतो” असे म्हणणाऱ्यास मात्र आळशी ठरविण्यात येते. ज्या समाजात विसाव्यास व्यसनाचे निमित्त लागते, त्या समाजात व्यसनास विसाव्याची गोडी चढावयाचीच.

परिस्थिती केवळ लज्जत वाढविते असे नाही. ती व्यसनाचे रूपही ठरविते. जेथे रंग, तेल, वायू यांचा वावर असतो तेथे काडीपेटीस मज्जाव असतो, आणि तो असलाच पाहिजे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानास देशभर बंदी आली. दोन्ही गोष्टी हिताच्याच. परंतु जेथे धूर चालत नाही तेथे गालात धरलेली चिमूट चालते. तिला आग लागत नाही आणि ती कोणास दिसतही नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे शेकडा चारांहूनही कमी, तर तंबाखू चघळणारे वा दातांस लावणारे शेकडा चोविसांहून अधिक आढळले. या चिमटीचे फळ काय, हे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात काम केलेले थोर विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांचे सहकारी यांनी १९५५ सालीच जगापुढे मांडले. तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंडाघशाचा कर्करोग यांचा संबंध त्यांनी मुंबईच्या रुग्णांवरून दाखवून दिला. चिरुटाचा धूर छातीत न घेता तोंडातच खेळवितात, म्हणून तो निरुपद्रवी, ही समजूतही अशीच भ्रामक आहे.

तर मग सारी लज्जत प्रसंगाचीच, असे म्हणून मोकळे व्हावे काय? तसे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तंबाखूत निकोटीन आहे, आणि झुरका घेतल्यापासून थोड्याच सेकंदांत ते मेंदूत पोहोचते. तलफ ही कल्पना नव्हे. ती शरीराची मागणी आहे. मात्र या मागणीची गंमत अशी की, जी अस्वस्थता विडीने शमते ती बव्हंशी मागच्या विडीनेच निर्माण केलेली असते. आणि ती अस्वस्थता केव्हा जागी व्हावयाची, हे मात्र प्रसंग ठरवितो. पाळीचा भोंगा, चहाचा वास, सोबत्याने खिशात घातलेला हात, एवढे पुरते. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैनिकांपैकी पुष्कळ जण हेरॉइनच्या आहारी गेले होते. १९७१ साली मायदेशी परतलेल्यांची पाहणी ली रॉबिन्स या विदुषीने केली, तेव्हा त्यांतील बहुतेक जण घरी गेल्यावर पुन्हा त्या पाशात सापडले नव्हते, असे आढळले. जागा बदलली, सोबत बदलली, भय सरले, आणि एवढ्या प्रबळ विषाचीही पकड ढिली झाली.

चाकणच्या कामगारास मात्र जागा बदलता येत नाही. उद्याही तीच पाळी, तोच रस्ता, तीच टपरी. म्हणून त्यास “सोडून दे” एवढाच उपदेश करणे म्हणजे त्याच्या हातातील विडीबरोबर त्याचा विसावा, त्याची सोबत आणि त्याची पाच मिनिटांची मोकळीक काढून घेणे होय. तो उपदेश मानीत नाही, यात त्याचा हट्ट जितका, तितकेच उपदेशकाचे अज्ञान. पहिले काही आठवडे त्याने टपरी बदलावी, वेळ थोडी मागेपुढे करावी, चहा चालत चालत घ्यावा, वैद्यकीय साहाय्यही घ्यावे. परंतु विसावा मात्र सोडू नये. कारखानदाराने विडी न ओढणाऱ्यासही तीच पाच मिनिटे निःशंकपणे द्यावीत. आणि घरच्या मंडळींनी रात्रपाळीहून आलेल्या माणसास दारातच किराणा, वीजबिल व मुलांच्या तक्रारी न ऐकविता घटकाभर निवांत बसू द्यावे. जो निवांतपणा उंबऱ्याआत मिळतो, तो विकत घेण्यास माणूस टपरीवर रेंगाळत नाही.

पहाटेच्या धुक्यातील त्या टपरीवर एखादा मनुष्य नुसता चहाचा पेला दोन्ही हातांत धरून उभा असतो. चंची वा काडीपेटी त्याच्यापाशी नसते. शेजारच्याशी तो गावाकडच्या पेरणीविषयी बोलतो, हसतो, पेला रिता करतो आणि घराकडे वळतो. लज्जत त्यासही पुरेपूर मिळालेली असते; कारण ती पानात नव्हतीच, त्या घटकेत होती.