लयकारिका : पेशीतील संहाराचे घर

उत्पत्ती, स्थिती आणि लय या तिन्हींपैकी पहिल्या दोहोंचे कौतुक माणसाला सहज वाटते. लयाचे नाव काढले की मन थोडे दचकते. सजीव पेशीकडे पाहतानाही काहीसे असेच होते. आनुवंशिक गुणांचे भांडार म्हणून केंद्रक आणि ऊर्जेच्या भट्ट्या म्हणून तंतुकणिका शाळकरी मुलांच्याही परिचयाच्या आहेत. परंतु मोडण्याचे आणि विरघळविण्याचे काम करणाऱ्या ज्या इवल्याशा पिशव्या जवळजवळ प्रत्येक प्राणिपेशीत असतात, त्यांची विचारपूस क्वचितच होते.

या पिशव्यांचा शोधही आडवाटेने लागला. १९४९ साली बेल्जियममधील लूव्हाँ येथे ख्रिस्तियन द दूव्ह हे शास्त्रज्ञ इन्सुलिनचा यकृतावर काय परिणाम होतो ते पाहत होते. उंदराच्या यकृताच्या पेशी हळुवार फोडून त्यांतील एका विकराचे मोजमाप त्यांनी केले, तेव्हा ते अपेक्षेच्या दहाव्या हिश्शाइतकेच भरले. नमुना शीतकपाटात ठेवला गेला. पाच दिवसांनी पुन्हा मोजले, तर हरवलेले विकर परत आलेले! प्रयोग फसला असे म्हणून नमुना फेकून देणे सोपे होते. द दूव्ह यांनी तसे केले नाही. विकर कोठे तरी पातळ पटलाच्या आड कोंडलेले असावे आणि काळाने पटल फाटताच ते मोकळे झाले असावे, असा तर्क त्यांनी बांधला. १९५५ साली त्या पिशव्यांना लायसोसोम हे नाव मिळाले. मराठीत त्यांना लयकारिका म्हणतात. त्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्रे त्यानंतर हाती आली. डोळ्यांना दिसण्यापूर्वीच ही वस्तू हिशेबातून सापडली होती. १९७४ साली द दूव्ह यांना आल्बेर क्लोद आणि जॉर्ज पलाडे यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक देण्यात आले.

लयकारिकेत पन्नासहून अधिक प्रकारची विकरे असतात. कोणी प्रथिने तोडतात, कोणी स्निग्ध पदार्थ, कोणी शर्करा. मग ही विकरे स्वतः पेशीलाच कशी खात नाहीत? याचे उत्तर पटलात आणि आम्लात आहे. पटलावरील सूक्ष्म पंप आतील द्रव सतत आम्लधर्मी ठेवतात आणि त्या आम्लातच विकरांना धार येते. एखादी पिशवी पाझरली, तरी बाहेरच्या जवळजवळ उदासीन द्रवात ती धार बोथट होते. चुलीतला विस्तव चुलीत आहे तोवर अन्न शिजवितो. आढ्याला लागला की घर जाळतो. पेशीने विस्तवही राखला आणि चूलही बांधली.

बाहेरून आत घेतलेले जंतू येथेच जिरविले जातात. पण त्याहून मोठे काम घरातल्या जुन्या सामानाचे आहे. झिजलेली तंतुकणिका किंवा बिघडलेले प्रथिन एका पटलात गुंडाळून लयकारिकेकडे पोचविले जाते, तेथे त्याचे सुटे घटक होतात आणि त्यांतून नवी घडण होते. बोहारीण जुने कपडे नेते आणि नवे भांडे देऊन जाते, तसाच हा व्यवहार. उपासमारीत पेशी याच मार्गाने स्वतःचे काही भाग मोडून गुजराण करते. या स्वभक्षणाची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे मोडण्याचे काम थांबले तर काय होते? १९३२ साली पॉम्पे या डच वैद्याने सात महिन्यांच्या एका मुलीच्या मृत्यूची हकीकत प्रसिद्ध केली होती. तिचे हृदय विलक्षण वाढले होते आणि स्नायूंच्या पेशी ग्लायकोजेनच्या साठ्याने फुगल्या होत्या. त्याचे कारण तब्बल तीस वर्षांनी कळले. १९६३ साली द दूव्ह यांचे सहकारी एर्स यांनी दाखविले की, अशा मुलांच्या लयकारिकांत ग्लायकोजेन तोडणारे एकच विकर नसते. पन्नासांतले एक हत्यार नाही, एवढ्याने पिशव्या तुंबतात, स्नायू दुबळे होतात आणि उपचार न झाल्यास बहुतेक मुले पहिला वाढदिवसही पाहत नाहीत.

२००६ सालापासून हे विकर बाहेर तयार करून शिरेतून देता येते. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक त्याची खूण ओळखतात आणि त्याला नेमके लयकारिकेत नेऊन सोडतात. हे औषध सामान्यतः दर दोन आठवड्यांनी, जन्मभर घ्यावे लागते आणि ते अतिशय महाग आहे. भारत सरकारच्या २०२१ सालच्या दुर्मीळ रोगविषयक राष्ट्रीय धोरणात या रोगाचा समावेश झाला आणि पुढच्याच वर्षी साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. तथापि जन्मभराच्या उपचारापुढे ही रक्कमही थोडीच ठरते.

एका यकृताच्या नमुन्यातील हिशेब जुळेना, तेव्हा तो जुळेपर्यंत एका माणसाने स्वस्थता मानली नाही. त्या चिकाटीचे फळ आज ज्या बालकांच्या श्वासात आहे, त्यांच्यासाठी लय हा जीवनाचा शत्रू नाही. योग्य जागी आणि योग्य मर्यादेत होणारा लय हाच त्यांच्या जगण्याचा आधार आहे.