सुट्टीतही उघडं असतं न्यायालय



मे महिना. मुंबई उच्च न्यायालयाला उन्हाळी सुट्टी.
अशात एखाद्या कारखानदाराला कळतं…
वादातला माल समोरची कंपनी परस्पर विकते आहे.
मग त्यानं जून उजाडेपर्यंत थांबायचं का?

नाही, श्रोतेहो.
सुट्टीतही ठरावीक दिवशी काही न्यायमूर्ती बसतात.
ते तातडीची प्रकरणं ऐकतात.
तिथं पहिला प्रश्न एकच… आजच सुनावणी का हवी?

याचं उत्तर अर्जात स्पष्ट लिहा.
माल कधी विकला जाणार? तुम्हाला कधी कळलं? कशावरून कळलं?
तारखा सांगा. कागद जोडा.
आणि कळल्याबरोबर या.
महिनाभर आधी ठाऊक होतं, आणि सुट्टी लागल्यावर धावलात…
तर न्यायालय जाब विचारणारच. ते रास्तही आहे.

आता व्यापारी वादातली खास गोष्ट.
2015च्या व्यापारी न्यायालय कायद्यानुसार, दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न सक्तीचा आहे.
2022मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं.
पण तातडीचा अंतरिम दिलासा हवा असेल, तर थेट दावा करता येतो.
निकड मात्र खरी हवी.
मध्यस्थी टाळायला रंगवलेली निकड चालत नाही.
नुसती थकलेल्या बिलाची वसुली सहसा सुट्टी संपेपर्यंत थांबू शकते.

म्हणून पुन्हा सांगते… आजच का, हे आधी पटवून द्या.

सुट्टीतल्या कामकाजाचे दिवस उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर दिलेले असतात.
आपल्या वकिलांसोबत ते आधीच पाहून ठेवा.