परदेशातील ताट आणि भंडाऱ्याचा भात



सन १८८८ मध्ये मोहनदास गांधी विलायतेस निघाले, तेव्हा मातुःश्रींची अनुमती मिळेना. अखेर बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांना मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली आणि मार्ग मोकळा झाला. लंडनमध्ये या प्रतिज्ञेपायी त्यांना अर्धपोटी दिवस काढावे लागले. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले. तेथेच एक शिलिंग देऊन त्यांनी हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक घेतले. तोवर ते वचनाखातर शाकाहारी होते. त्या वाचनानंतर विचारपूर्वक झाले.

आज परदेशी गेलेल्या तरुणांना डाळ-तांदूळ मोठ्या शहरांत सहज मिळतात. त्यांची अडचण संकोचाची आहे. कांदा-लसूण का वर्ज्य, असे कोणी विचारले की ‘ॲलर्जी आहे’ म्हणून वेळ मारून नेली जाते. हे असत्य लहान खरे, पण ते स्वतःच्या घराविषयीचे असते.

नियम पाळणे तेथे कठीणही आहे. लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य चारच्या आतच मावळतो, जूनमध्ये रात्री नऊनंतर. हिवाळ्यात कार्यालय सुटण्यापूर्वीच भोजनाची वेळ टळते. ज्याला हे साधत नाही, त्याला बोल लावण्याचा अधिकार येथे सायंकाळी निवांतपणे जेवणाऱ्यांस नाही.

परंतु आपले अन्न म्हणजे केवळ वर्ज्य पदार्थांची यादी नव्हे. विदर्भाचा गोळाभातच घ्यावा. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्यात तिखट, मीठ, हळद व तेलाचे मोहन घालून गोळे वळायचे, अर्ध्या शिजलेल्या भातात ते वाफवायचे आणि वाढताना गोळा कुस्करून त्यावर हिंग-मोहरीची गरम फोडणी ओतायची. कांदा-लसणाची उणीव भासतच नाही. त्यासाठी सुवासिक चिन्नोर मिळाला तर दुधात साखर! कापडाचा पोत जसा हाताला कळतो, तसा हा तांदूळ झाकण उघडताच नाकाला कळतो. उत्पन्न कमी, म्हणून तो मागे पडला होता. २०२३ मध्ये भंडारा चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाले.

अमेरिकेत प्रवाशाला भारतातून तांदूळ नेता येत नाही. तेव्हा मुलांसोबत पाठवायची ती कृती. ती आजींकडून आताच लिहून घ्यावी लागेल. बहुतेक घरांत ती अद्याप कागदावर नाही.

जय जिनेंद्र.