जंगली महाराज रस्ता, पायी चालताना

पुण्याचा जंगली महाराज रस्ता म्हटलं की लोक आधी सांगतात, सत्तरच्या दशकात बांधला आणि वर्षानुवर्षं खड्डा पडला नाही! पण हे कौतुक गाडीवाल्यांचं. चालणाऱ्यांकडे नीट लक्ष गेलं ते 2016 नंतर, महापालिकेनं रस्तारचनेची मार्गदर्शक तत्त्वं ठरवल्यावर. फुटपाथ रुंद झाले, झाडांच्या सावलीत बाक आले, शेजारून सायकलचा पट्टा गेला.

अशा कामात खरी मेख असते ती कोपऱ्यावर. वळण ऐसपैस असेल तर गाडी वेगातच वळते. तेच आवळलं की ब्रेक दाबावाच लागतो, शिवाय ओलांडायचं अंतरही घटतं. बसथांब्याचंही तसंच. तिथं फुटपाथ बसच्या मार्गिकेपर्यंत पुढे आणला, तर आजींना बससाठी रस्त्यात उतरावं लागत नाही.

दुचाकी फुटपाथवर चढतातच, म्हणून खांब रोवायचे. मात्र त्यांच्यामधून व्हीलचेअर जायला हवी, हे हमखास विसरलं जातं. सायकलच्या पट्ट्यावर तर गप्पा मारत चालणारेच जास्त दिसतात.

आणि हो, नदीपलीकडच्या लक्ष्मी रस्त्यावर 2021 पासून 11 डिसेंबरला गाड्या बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. एकदा जाऊन बघाच.