कार्टूनमधल्या पोरांचं गाणं



१९६९ सालची अमेरिका म्हटली की वुडस्टॉकचा महोत्सव आठवतो, व्हिएतनाम युद्धाविरुद्धचे मोर्चे आठवतात. पण बिलबोर्डच्या त्या वर्षीच्या यादीत पहिलं आलं ते एक निव्वळ हसरं गाणं: ‘शुगर, शुगर’. गाणारे होते ‘द आर्चीज’. ते कधी स्टेजवर दिसले नाहीत, आणि दिसणार तरी कसे? ती सगळी कार्टूनमधली पोरं!

त्यामागं एक भांडण आहे. डॉन कर्शनर हे ‘द मंकीज’ या टीव्हीवरच्या बँडचं संगीत सांभाळत. आमच्या रेकॉर्डवर आम्हीच वाजवणार, असा त्या मुलांनी हट्ट धरला. खटके उडाले आणि १९६७मध्ये कर्शनर यांना जावं लागलं. पुढं आर्चीच्या कार्टून मालिकेचं संगीत त्यांच्याकडे आलं. चित्रातली पोरं थोडीच हुज्जत घालतात!

पडद्यावर ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, हे आपल्याला काही नवीन नाही. इथं गळा होता रॉन डान्टे यांचा. त्याच मोसमात ‘द कफ लिंक्स’ या नावानं त्यांनी गायलेलं ‘ट्रेसी’ही अमेरिकेत पहिल्या दहांत होतं.

गाणं रचलं जेफ बॅरी आणि अँडी किम यांनी. प्रेयसीला साखर म्हणायचं, मध म्हणायचं; शब्दांत याहून फारसं काही नाही. खरी करामत बांधणीत आहे. टाळ्यांचा ठेका धरलेला. ओळ संपते न संपते तोच कीबोर्डवरची इवलीशी सुरावट तिला उत्तर देते. डान्टे आवाज चढवत नाहीत, कानाशी येऊन बोलल्यासारखे गातात. गोडी आता पुरे, असं वाटू लागतं तेवढ्यात गायिका टोनी वाइन यांचा आवाज येतो आणि गाण्याला नवा जोर चढतो. तीन मिनिटं व्हायच्या आत सगळं आटोपतं.

असल्या संगीताला ‘बबलगम’ म्हणून नाकं मुरडली गेली. पण १९७०मध्ये विल्सन पिकेट यांच्यासारख्या सोल संगीतातल्या दणदणीत गळ्याच्या गायकानं हेच गाणं उचललं आणि चाल त्या दणक्यालाही पुरून उरली. कच्ची असती, तर तिथंच उघडी पडली असती.

आता डान्टे यांच्या आवाजात ऐका. लगेच पुन्हा ऐकावंसं वाटलं, तर संकोचू नका. ब्रिटनमध्ये ते आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. तिथल्या लोकांचंही एकदा ऐकून भागलं नव्हतं!