तपासणी फुकट, वाट महाग

भंडारदऱ्याचें नांव निघालें कीं शहरांतील माणसाच्या डोळ्यांपुढें १९२६ सालीं पुरें झालेलें प्रवरेवरील विल्सन धरण आणि काजव्यांनीं लखलखणारीं झाडें उभीं राहतात. ह्याच जलाशयाच्या वरच्या अंगाला घाटघर, साम्रद, रतनवाडी हीं गांवें आहेत व तेथें महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबें भात पिकवितात, हें फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. तेथील स्त्रीस दिवस गेले म्हणजे तिची तपासणी कशी व्हावी, हा आजच्या भाषणाचा विषय.

पैशाचा प्रश्न पुष्कळसा सुटला आहे. जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वयें सरकारी दवाखान्यांत तपासण्या, औषधें, बाळंतपण, शस्त्रक्रिया, रक्त, जेवण, फार काय, घरून नेण्या-आणण्याचें वाहनहि विनामूल्य आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचेसुद्धां पैसे घेत नाहींत. तरीहि आवणीच्या दिवसांत दवाखान्याची एक खेप म्हणजे बुडालेली मजुरी आणि चिखलांतली पायपीट. ही किंमत कोणत्याच पावतीवर लिहिलेली नसते.

म्हणूनच पहिली खेप लवकर झाली पाहिजे. रक्तांतील हिमोग्लोबिन अकरा ग्रॅमच्या खालीं गेलें कीं गर्भवतीस पंडुरोग झाला असें समजतात. सातच्या खालीं तो गंभीर होय. चौथ्या महिन्यांत हें कळलें तर बहुधा लोहाच्या गोळ्यांनीं भागतें; साधारणपणें रोज एक अशा १८० गोळ्या देतात, अशक्त बाईस दिवसाला दोन. शौचास काळें होतें म्हणून कित्येकजणी त्या सोडतात, कित्येकजणी चहाबरोबर घेऊन निम्मा गुण घालवितात; एवढें समजावून सांगणारें माणूस मात्र हवें. तीच गोष्ट नवव्या महिन्यांत कळली तर गोळ्यांना अवधि उरत नाहीं. रक्त चढवावें लागतें, आणि आषाढांतल्या रात्रीं घाटरस्त्यानें तिला हलवावें लागतें.

“आम्हांला कुठें सुया टोचल्या होत्या?” असें घरची वडीलधारी बाई विचारते. तिचा राग येण्याचें कारण नाहीं. पण ज्या बाळंतपणांत गेल्या त्या असें विचारावयास मागें उरल्या नाहींत.

गांवांतील आशा कार्यकर्तीकडे नांव नोंदविलें म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड मिळतें. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस चौथ्या महिन्यापुढील गर्भवतींना डॉक्टर तपासतात. पहिलटकरीण सातव्या महिन्यांत माहेरीं जाते, तेव्हां तें कार्ड लुगड्यांच्या गाठोड्यांत बरोबर गेलेंच पाहिजे; नाहीं तर नव्या दवाखान्यांत सारें पहिल्यापासून.

सरकारनें राज्याच्या कांहीं दुर्गम आदिवासी भागांत आरोग्य केंद्रांशेजारीं ‘माहेरघरें’ काढलीं. दिवस भरत आलेली बाई सोबतीच्या माणसासह आधींच तेथें येऊन राहते. घाटघरसारख्या पावसाच्या गांवाला ह्याहून सोयीची योजना सुचणें कठीण. शहरवासीयांकडून मागणें थोडें आहे: काजवे पाहावयास आलेल्या मोटारींनीं रस्त्याची एक बाजू रुग्णवाहिकेसाठीं मोकळी ठेवावी.